मेंदूची उत्क्रांती आणि जनरेटिव्ह एआय : तुलना नेमकी कशाची कशाशी करावी?

प्रश्न : खानापूरचा मास्तर

स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, गावच्या वाचनालयात मला तासभर बोलायचे आहे आणि ‘मानवी मेंदूची उत्क्रांती आणि जनरेटिव्ह एआय’ (म्हणजे चॅटबॉटसारखी, स्वतः मजकूर रचणारी कृत्रिम बुद्धी) हा विषय मीच हौसेने सुचवून बसलो आहे. तयारीला लागल्यावर मात्र ध्यानात आले की, ज्या तुलनेवर सगळे व्याख्यान उभे करायचे ती तुलनाच मला धड मांडता येत नाही.

अडचण सुरू झाली ती दहावीच्या वर्गात. एका मुलीने विचारले, “सर, माणसाचा मेंदू घडायला लाखो वर्षे लागली आणि हे यंत्र काही महिन्यांत शिकले, तर यंत्राची उत्क्रांती आपल्यापेक्षा जलद झाली असे म्हणायचे का?” मी पुस्तकी थाटात सांगितले की, यंत्राचे शिकणे हे लहान मुलाच्या शिकण्यासारखे असते, त्याचा उत्क्रांतीशी संबंध जोडू नये. त्यावर ती म्हणाली, “मग सर, लहान मूल एवढी पुस्तके कुठे वाचते?” तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटलो.

त्याच मुलीने मधल्या सुट्टीत आणखी एक गंमत दाखवली. तिने घरच्या मोबाइलवर एका चॅटबॉटला ‘आत या, बसा की ओ’ या वाक्याचा अर्थ विचारून ठेवला होता. त्याने ‘ओ’ ही लांबच्या माणसाला मारलेली हाक आहे, असे ठामपणे लिहिले होते. आपल्या भागात तो ‘ओ’ हाक नसून मान आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही शिकवावे लागत नाही. जगभरचे वाचलेल्या यंत्राला ते कळू नये आणि तीन यत्ता शिकलेल्या आजीच्या मांडीवर बसून ते कळावे, याचा माझ्या विषयाशी काहीतरी संबंध असावा असे मला सारखे वाटते, पण तो शब्दांत धरता येत नाही.

तेव्हा जाणकारांना विनंती की, यंत्राचे प्रशिक्षण हे उत्क्रांतीच्या जागी धरावे की बालपणाच्या, आणि दोन्ही चुकीचे असेल तर श्रोत्यांपुढे काय मांडावे, हे सविस्तर लिहावे. श्रोत्यांत शेतकरी, निवृत्त शिक्षक आणि शाळेची मुले असतील.

उत्तर : प्राणिशास्त्र, टिळकवाडी

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तुमच्या उत्तरापेक्षा सरस आहे, हे आधी सांगून टाकतो. राग मानू नये. मी बेळगावातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि हीच चूक मी स्वतः कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे.

‘मेंदू घडायला इतकी वर्षे लागली’ असे म्हटले की, कोणीतरी मानवी मेंदूची ऑर्डर दिली होती आणि कारागिराने ती उशिरा पुरी केली, असे चित्र उभे राहते. उत्क्रांतीपुढे अशी कोणतीही ऑर्डर नव्हती. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोब यांनी १९७७ साली एका लेखात असे मांडले की, उत्क्रांतीचे काम आराखडा हातात घेतलेल्या अभियंत्यासारखे नसते, तर घरात पडलेल्या वस्तूंतून गरजेपुरते काहीतरी जोडून काम भागवणाऱ्या खटपट्या माणसासारखे असते. आपल्या भागातील जुनी कौलारू घरे डोळ्यांपुढे आणा. थोरल्याचे लग्न ठरले म्हणून सोप्यात एक कुडाची भिंत घालून खोली केली, धाकट्याने परड्याच्या बाजूला पत्रे टाकून गोठा पुढे ओढला, पुढे गुरे गेली आणि त्याच गोठ्यात पिठाची गिरणी बसली. त्या घरात आज चालताना एका खोलीतून दुसरीत जायला तीन उंबरे का ओलांडावे लागतात, याचे उत्तर कोणत्याही नकाशात सापडत नाही. ते घराच्या इतिहासातच सापडते. घर पाडून नव्याने बांधायची सोय कधीच नव्हती, कारण आत माणसे राहत होती. मेंदूचे नेमके असेच आहे, कारण प्रत्येक पिढीतील प्राण्याला हाताशी असलेल्या मेंदूनिशी त्याच दिवशी पोट भरायचे होते, जीव वाचवायचा होता आणि पिल्ले वाढवायची होती. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागे आणि त्यांच्या तारा पुढे आहेत, आणि त्या तारा जिथून पडदा भेदून बाहेर पडतात तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात हा आंधळा ठिपका नाही. आपले पूर्वज ज्या बाजूने बांधकामाला लागले ती बाजू पुढे बदलता आली नाही, इतकेच.

आता काळाबद्दल. इथिओपियात १९७४ साली जिचा सांगाडा सापडला ती ‘लुसी’ ही मानवपूर्व मादी सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची आहे. तिच्या जातीच्या कवटीचे आकारमान साधारण ४५० घन सेंटिमीटर भरते आणि आपले सुमारे १,३५० घन सेंटिमीटर. तिप्पट वाढ झाली, हे खरे. पण ही शिडी सरळ वर गेली असे समजू नये. निअँडरथल मानवाचा मेंदू आपल्याएवढा किंवा किंचित मोठाच होता, आणि तो आज नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ साली ज्या ठेंगण्या मानवाचे अवशेष मिळाले त्याचा मेंदू लुसीएवढाच होता, तरीही तो दगडी हत्यारे करीत होता आणि सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे टिकून होता.

व्याख्यानात एक गोष्ट मात्र अवश्य सांगा, कारण ती आपल्या मातीतली आहे. तुमच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे ज्या खोऱ्यातून जाते, तिथे आणि घटप्रभेच्या खोऱ्यातही पुराश्मयुगातील दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. बदामाच्या आकाराची, दोन्ही अंगांनी टवके काढलेली आणि तळव्यात नीट बसणारी ही वस्तू आहे. आफ्रिकेत ती सतरा लाख वर्षांपूर्वी दिसू लागते आणि तिचा मूळ घाट त्यानंतर दहा लाखांहून अधिक वर्षे फारसा बदलत नाही. या काळात मेंदू वाढत होता, हत्यार मात्र जवळपास तेच राहिले. म्हणजे मेंदूचे आकारमान आणि त्या मेंदूने साठवलेले शहाणपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण आज ज्याला बुद्धी म्हणतो तिचा मोठा वाटा कवटीत वाढलेला नसून माणसामाणसांत साठलेला आहे. भाषा, रीत, गणित, लेखन हे सगळे त्यात आले. लेखनाला तर जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत, आणि तेवढ्या अवधीत वाचनासाठी मेंदूत वेगळा भाग उत्क्रांत होणे शक्यच नव्हते. स्तानिस्लास देहाने या मेंदूशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या जुन्या यंत्रणेचाच एक कोपरा वाचायला शिकताना अक्षरांच्या कामाला लावला जातो. गोठ्यात गिरणी बसते ती अशी.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर आता एका हिशेबाने देतो. मानवी जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरजोड्या असतात. प्रत्येक जोडीला दोन बिट धरले तर सगळा ऐवज ८०० मेगाबाइटच्या आत मावतो. मुले मोबाइलवर याहून मोठे सिनेमे उतरवून घेतात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांच्यातील जोडण्यांची संख्या एक कोटी कोटींच्या घरात जाते. एवढ्या जोडण्यांची यादी त्या ८०० मेगाबाइटमध्ये लिहिता येणे अशक्य आहे. अँथनी झाडोर या शास्त्रज्ञाने २०१९ साली याच अरुंद दाराकडे लक्ष वेधले. उत्क्रांतीने मेंदूला ज्ञानाचे गाठोडे बांधून दिलेले नाही. तिने मेंदू कसा वाढावा, कशाकडे आपोआप वळावा आणि काय चटकन शिकावे याचे नियम दिले, आणि बाकीचे जगाकडे सोपवले. यंत्राच्या बाबतीत असे दोन टप्पे वेगळे काढता येतात का, हे मला ठाऊक नाही. ते संगणकवाल्यांनी सांगावे.

उत्तर : निपाणीकर, सध्या पुणे

सर, वेगळे काढता येतात, पण जिथे लोक शोधतात तिथे नव्हे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत मशीन लर्निंगचे काम करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो.

चॅटबॉटच्या मुळाशी जे भाषेचे मॉडेल असते त्याचे प्रशिक्षण म्हणजे एकच खेळ अब्जावधी वेळा खेळणे होय. मजकूर अर्धवट दाखवायचा, पुढचा शब्दतुकडा कोणता असेल ते यंत्राने सांगायचे, आणि चुकले तर त्या चुकीचा दोष मागे मागे नेत आतील प्रत्येक आकड्याच्या (यंत्राचे शिकणे याच आकड्यांत साठते) पदरात त्याच्या वाट्याइतका घालायचा. दोषवाटपाची ही रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ सालच्या लेखामुळे रूढ झाली. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या भाषेच्या मॉडेलमध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते आणि प्रशिक्षणात त्याने सुमारे ३०,००० कोटी शब्दतुकडे पाहिले. सुरुवातीला हे सगळे आकडे जवळपास यदृच्छया मांडलेले असतात.

इथेच उत्क्रांतीशी असलेला पहिला मोठा फरक दिसतो. आषाढात चोर्ला घाटात धुके उतरते तेव्हा पुढचे काही दिसत नाही, पण पायाखाली उतार कोणत्या बाजूला आहे ते कळते आणि माणूस त्या अंदाजाने एकेक पाऊल खाली टाकत जातो. यंत्राचे प्रशिक्षण असे चालते, कारण गणिताने प्रत्येक पावलाला उताराची दिशा कळत असते. उत्क्रांतीला पायच नाहीत. तिने त्याच धुक्यात हजारो शेळ्या चारी दिशांना सोडल्या, दरीत गेल्या त्या गेल्या, आणि उरल्या त्यांची करडे पुढच्या वर्षी पुन्हा सोडली. म्हणून ‘यंत्र उत्क्रांतीपेक्षा जलद’ असे म्हणताना हे सांगावेच लागेल की दोघांचे चालणेच वेगळे आहे. मेंदू स्वतः शिकताना असे दोषवाटप करतो का, यावर मेंदूशास्त्रात अजून वाद आहे. यंत्रात वापरतात तशाच्या तशा रूपात ते मेंदूत आढळलेले नाही.

आता उत्क्रांती यंत्राच्या कहाणीत कुठे बसते? माझ्या मते ती आराखड्यांच्या इतिहासात बसते. चेतापेशींच्या धर्तीवर बेतलेले रोझेनब्लाट यांचे परसेप्ट्रॉन १९५८ चे, चित्रे ओळखण्यात जुन्या पद्धतींना मागे टाकणारे अ‍ॅलेक्सनेट २०१२ चे, आणि आज भाषेच्या मॉडेलांत सर्वत्र वापरला जाणारा ट्रान्सफॉर्मर हा आराखडा २०१७ चा. या मधल्या काळात शेकडो रचना आल्या, चालल्या नाहीत, टाकल्या गेल्या, आणि ज्या टिकल्या त्यांच्यात पुन्हा थोडा फेरफार करून नव्या निघाल्या. सरांनी सांगितलेली कौलारू घराची गोष्ट आमच्या कामाला तंतोतंत लागू पडते. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत घातलेली भिंत आजही आमच्या प्रोग्राममध्ये उभी असते आणि ती पाडायची कोणाची छाती होत नाही. फरक असा की, इथे निवड करणारा माणूस आहे आणि त्याच्या मनात हेतू असतो.

या दृष्टीने जनुकसंचाच्या जागी आराखडा ठेवता येईल. तो काही हजार ओळींत लिहिता येतो, म्हणजे सरांच्या ८०० मेगाबाइटपेक्षाही फार छोटा असतो. प्रशिक्षणानंतरचे आकडे मात्र साध्या हिशेबाने ३५० गिगाबाइट भरतात. म्हणून मास्तरांचे ‘बालपण’ हे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. पण बालकाला जन्मतः जे वळण मिळालेले असते तेही यंत्राला त्याच मजकुरातून कमवावे लागते, त्यामुळे त्याचे प्रशिक्षण म्हणजे उत्क्रांती आणि बालपण एकाच कढईत शिजवल्यासारखे आहे. मुलीचा पुस्तकांचा प्रश्न इथे सुटतो. मूल इतके वाचत नाही, कारण त्याच्या आधीच्यांनी जगून आणि मरून त्याचा बराच अभ्यास करून ठेवलेला असतो.

‘ओ’ चे कारण अधिक साधे आहे. यंत्राने पाहिलेल्या मराठी मजकुरात पुण्या-मुंबईची छापील मराठी भरपूर आहे आणि बेळगावच्या सोप्यावरची मराठी जवळपास नाही, कारण ती बोलली जाते, लिहिली जात नाही. त्यात लिपीचीही अडचण आहे. ‘बेळगाव’ हा शब्द संगणकाच्या रूढ पद्धतीने देवनागरीत साठवायला १८ बाइट लागतात आणि त्याच गावाचे जुने इंग्रजी स्पेलिंग ७ बाइटमध्ये मावते. शब्दांचे तुकडे पाडण्याचे नियम मुख्यतः इंग्रजी मजकुरावर बेतलेले असले की मराठी शब्दाचा भुगा होतो, आणि मग तोच अर्थ शिकायला यंत्राला जास्त तुकडे चघळावे लागतात. नव्या मॉडेलांत हे पुष्कळ सुधारले आहे, पण जे कधी लिहिलेच गेले नाही ते कोणत्याही सुधारणेने सापडणार नाही.

उत्तर : शहापूरचा माग

मी बारावीपर्यंत शिकलो आहे आणि शहापुरात आमचे चार यंत्रमाग आहेत, त्यामुळे मला युनिटची भाषा लवकर कळते. वरील दोन्ही उत्तरे वाचून मी कागदावर एक हिशेब केला; चुकला असेल तर दाखवून द्यावे.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, असे सगळीकडे लिहिलेले असते. म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या आत काम झाले. वीस वर्षांचा तरुण होईपर्यंत मेंदूने सुमारे साडेतीन हजार युनिट जाळले. जीपीटी-३ च्या प्रशिक्षणाला १,२८७ मेगावॅट-तास वीज लागली असावी, असा तज्ज्ञांचा २०२१ सालचा अंदाज आहे. आमच्या भाषेत ते १२ लाख ८७ हजार युनिट होतात. भागाकार केला तर ३६७ येतात. म्हणजे एवढ्या विजेत साधारण ३६७ तरुण वाढले असते. मला वाटले होते की आकडा कोटीत जाईल. ३६७ माणसे तर आमच्या गल्लीतच भरतील.

पण निपाणीकर म्हणतात तसे प्रशिक्षणात उत्क्रांतीही धरायची असेल, तर मग मेंदूच्या खात्यावर आजवर जगून गेलेल्या सगळ्या पूर्वजांचे बिल चढवावे लागेल, आणि त्या बिलापुढे यंत्र अगदीच काटकसरी ठरेल. इथे मला एक गडबड दिसते. यंत्राने जे वाचले ते कोणी लिहिले? लिहिणाऱ्यांनी भाकरी खाऊनच लिहिले ना? मग त्यांचे बिल यंत्राच्या खात्यावर का चढत नाही? आमच्या मागावर जकार्ड बसवलेला आहे. पट्ट्यांतील भोकांप्रमाणे उभे धागे उचलले जातात, मधून धोटा जातो आणि काठावर मोर उतरतो. अनोळखी माणसाला वाटते की यंत्रच मोर काढते आहे. ती भोके पाडताना नक्षीकाराने आलेखाच्या कागदावर चौकट चौकट रंगवत किती रात्री घालवल्या, ते मागाच्या मीटरवर कधीच दिसत नाही. माझ्या मते यंत्राच्या खात्यावर आधी सगळी मनुष्यजात चढवावी आणि मगच भागाकार करावा.

उत्तर : निपाणीकर, सध्या पुणे

दादा, हिशेब बरोबर आहे आणि आक्षेपही मान्य आहे. मी तो लिहायला हवा होता. उत्क्रांतीने मेंदू घडवला, मेंदूंनी मिळून भाषा आणि लेखन घडवले, आणि त्या लेखनाच्या गाळातून यंत्र घडले, असा हा क्रम आहे. म्हणजे यंत्र ही मेंदूशी शर्यत लावणारी दुसरी उत्क्रांती नसून पहिल्याच उत्क्रांतीच्या टोकाला फुटलेला फाटा आहे. मात्र एका बाबतीत जकार्डचा दाखला अपुरा पडतो. पट्टीत भोके असतील तोच मोर उतरतो. हे यंत्र कोणीही न आखलेला मोरही काढते. तो कधी सुंदर असतो आणि कधी त्याला तीन पाय असतात.

उत्तर : बालरोग, संकेश्वर

तीन पायांच्या मोरावरून लिहावेसे वाटले. मी बालरोगतज्ज्ञ आहे. आधी माग चालवणाऱ्या दादांच्या हिशेबाला एक छोटी दुरुस्ती सुचवते. मेंदूचे २० वॅट जन्मापासून सरसकट धरता येत नाहीत. नवजात बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा असते. पुढे तो झपाट्याने वाढतो, आणि पाच वर्षांच्या सुमारास मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा एकटा वापरतो. त्या वयात तो प्रौढाच्या मेंदूपेक्षाही जास्त ग्लुकोज जाळतो. तेव्हा साडेतीन हजारांत काही युनिटांची भर घालावी; आक्षेपाला मात्र त्याने बाधा येत नाही.

आता मास्तरांच्या ‘ओ’ विषयी. माझ्या दवाखान्यात गेल्या आठवड्यात साधारण तीन वर्षांची एक मुलगी आजीबरोबर आली होती. तिला तहान लागली तेव्हा ती आजीला म्हणाली, “आज्जी, पाणी दे.” आजी औषधाची चिठ्ठी वाचण्यात गुंतली होती, म्हणून ती तशीच वळून शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना म्हणाली, “नीर कोड्री.” त्या बाई कन्नड बोलणाऱ्या आहेत हे तिने त्यांच्या फोनवरील बोलण्यावरून हेरले असावे, आणि आजीला ‘दे’ व परक्या बाईंना आदरार्थी ‘कोड्री’ हा भेदही तिने बिनचूक पाळला. एवढ्या वयाच्या मुलाच्या कानावर दोन्ही भाषा मिळून फार तर दोन-तीन कोटी शब्द पडलेले असतात. निपाणीकरांनी दिलेल्या ३०,००० कोटी तुकड्यांशी ताडून पाहिले तर मधले अंतर कळेल.

परंतु तिला मिळालेला प्रत्येक शब्द एकटा येत नाही. त्याच्याबरोबर माणसाचा चेहरा येतो, हातातला पेला येतो, घशाची कोरड येते, आणि शब्द चुकला तर पाणी मिळत नाही. ‘ओ’ हा मान आहे हे मुलाला कळते, कारण तो उच्चारताना आजीचा आवाज मऊ होतो, ती पदर सावरते आणि पाहुण्यासमोर पाट येतो. यंत्राला यांपैकी फक्त ‘ओ’ मिळाला आणि तोही क्वचित. म्हणून माझ्या मते खरा फरक शब्दांच्या संख्येत किंवा वेगात शोधू नये. चुकल्याची किंमत कोण मोजतो, तिथे तो आहे. उत्क्रांतीत ती किंमत प्राण्याने जिवाने मोजली, बालपणात मूल ती तहानेने आणि रडण्याने मोजते, आणि प्रशिक्षणात एक आकडा जरासा सरकतो.

असे असले तरी, ‘यंत्र बेधडक खोटे बोलते, मेंदू तसे करीत नाही’ असे मात्र व्याख्यानात सांगू नये. अपस्मारावरील उपचार म्हणून काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल कापला जात असे. अशा एका रुग्णावर मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी केलेला प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या उजव्या मेंदूला बर्फाचे दृश्य आणि बोलणाऱ्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला. जुळणारी चित्रे निवडायला सांगितल्यावर उजव्या मेंदूच्या ताब्यातील डाव्या हाताने फावडे निवडले आणि उजव्या हाताने कोंबडी. फावडे का निवडले असे विचारल्यावर, ज्याने बर्फ पाहिलाच नव्हता तो डावा मेंदू क्षणभरही न अडखळता म्हणाला की, खुराडे साफ करायला फावडे लागतेच. तो खोटे बोलत नव्हता. त्याला जे सुसंगत वाटले ते त्याने खरे मानले. चॅटबॉटने ‘ओ’ चा अर्थ सांगितला तो याच थाटात. रिकामी जागा बेमालूम भरण्याची खोड दोघांनाही आहे, फक्त आपल्याभोवती चूक दाखवणारी माणसे असतात.

उत्तर : प्राणिशास्त्र, टिळकवाडी

डॉक्टर ताईंनी किमतीचा मुद्दा मांडला तो मला पटला; फक्त त्याचे टोक थोडे बोथट करतो. उत्क्रांतीत किंमत प्राणी मोजतो हे खरे, पण तो त्यातून काही शिकत नाही. दरीत पडलेल्या शेळीला पुढच्या वेळी सावध राहण्याची संधी नसते. बदलते ती कळपाची घडण. यंत्रात आकडा सरकतो तेव्हा निदान तेच यंत्र बदलते, आणि त्या अर्थाने ते शेळीपेक्षा संकेश्वरच्या मुलीच्या जवळ आहे. मास्तर, हा धागा जरूर वापरा, पण श्रोत्यांना एकच एक उत्तर हातात द्यायच्या फंदात पडू नका.

आणि ‘यंत्र आज लुसीच्या पायरीवर आहे, उद्या आपल्या पायरीवर येईल’ असे कोणी म्हटले, तर फ्लोरेसचा ठेंगणा माणूस पुढे करा.

प्रश्नकर्ता : खानापूरचा मास्तर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. व्याख्यानाचा आराखडा आता बदलला असून त्यात ‘जलद’ आणि ‘संथ’ हे दोन्ही शब्द मी काढून टाकले आहेत. सुरुवात हातकुऱ्हाडीने करीन, मग कौलारू घर, मग ८०० मेगाबाइटचा हिशेब. युनिटचा हिशेब फळ्यावर श्रोत्यांकडूनच करून घ्यावा असे ठरवले आहे, आणि ३६७ हा आकडा आल्यावर जकार्डच्या पट्टीचा प्रश्न विचारून मी खाली बसणार आहे. त्यावर वाद झाला तर होऊ द्यावा.

ज्या मुलीमुळे हे सगळे सुरू झाले तिला मी कालच वर्गात सांगितले की, माझे उत्तर अर्धे चूक होते. तिने “कोणते अर्धे?” असे विचारले. तिला निपाणीकरांचे उत्तर वाचायला दिले आहे. तिने आता घरच्या आजीच्या बोलण्यातील ‘ओ’ कुठे येतो आणि कुठे येत नाही, याची एक वही घातली आहे. पहिल्या दिवशी बावीस वाक्ये जमली आणि त्यांतील एक वाक्य आजीने गायीला उद्देशून म्हटलेले आहे. गाय मानाची की हाकेची, यावर घरात एकमत झालेले नाही असे कळते.

टिळकवाडीच्या सरांना एक विनंती. हातकुऱ्हाडीची प्लॅस्टरची प्रतिकृती आपल्याकडे किंवा आपल्या जुन्या महाविद्यालयात असल्यास एका दिवसापुरती मिळेल का? मी २७ तारखेला बेळगावला येणार आहे आणि सायंकाळच्या शेवटच्या गाडीने परत फिरेन.

उत्तर : प्राणिशास्त्र, टिळकवाडी

प्रतिकृती माझ्याच कपाटात आहे, एक टोक उडालेले आहे. चारच्या आत या, चहा घेऊन जा. आणि ती मुलांच्या हातात द्या. काचेत ठेवू नका.